रडार टेललाइट आणि हँडलचा आरसा: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

पुण्यात आठवडाभर हडपसर ते कॅम्प आणि रविवारी दिवे घाटातून सासवड, अशा दोन अगदी वेगळ्या रस्त्यांवर मी जूनपासून सायकलवर दोन वस्तू वापरत आहे. एक सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, बसणारी रडार टेललाइट (मागून येणारे वाहन रडारने ओळखून सूचना देणारा मागचा दिवा) आणि दुसरा हँडलच्या टोकाला लागणारा छोटा बहिर्गोल आरसा. पहिलीच्या किमतीत दुसऱ्याचे वीस-पंचवीस नग सहज येतील. पाठीमागे काय चालले आहे हे कळावे, एवढेच दोन्हींचे काम आहे; मात्र शहरातल्या वाहतुकीत स्वस्त वस्तू महागड्या वस्तूवर मात करते, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

आधी रडारचे गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. मागून येणारे वाहन सरळ रस्त्यावर सव्वाशे-दीडशे मीटरवर असतानाच हँडलवरच्या स्क्रीनच्या कडेला एक ठिपका उमटतो, बीप वाजतो आणि वाहन जवळ येईल तसा तो ठिपका वर सरकू लागतो. त्याच वेळी दिव्याची उघडझाप बदलते, म्हणजे सूचना मागच्या चालकालाही मिळते. घाट संपल्यानंतर सासवडच्या दिशेने समोरून वारा असेल, तर मागची मोटार अंगावर येईपर्यंत कानाला लागत नाही. तिथे या दिव्याने मला खरोखर निवांतपणा दिला. घाटातल्या वळणांवर मात्र हा भरवसा ठेवू नये. रडारला मागचे वाहन आडोशाविना थेट दिसावे लागते. वळणाआड असलेला ट्रक वळण संपल्यावरच त्याच्या नजरेत येतो आणि तोवर अंतर फारच थोडे उरलेले असते.

शहरात परिस्थिती उलटी होते. फातिमानगरच्या चौकात ठिपक्यांची रांग कधी संपतच नाही, त्यामुळे आवाज मी पहिल्याच आठवड्यात बंद केला. त्याहून महत्त्वाची उणीव या यंत्राच्या तत्त्वातच आहे. वाहन आपल्यापेक्षा किती वेगाने जवळ येत आहे यावर रडारचे गणित चालते, त्यामुळे आपल्याच वेगाने पाठीशी चालणारे वाहन स्क्रीनवरून नाहीसे होते. सोलापूर रस्त्यावरच्या गर्दीत माझ्या उजव्या खांद्यामागे ताशी अठरा-वीसने रेंगाळणारा टेम्पो रडारच्या लेखी अस्तित्वातच नसतो, आणि पुढच्या गल्लीत डावीकडे वळताना सायकलस्वाराला आडवा येतो तो नेमका हाच टेम्पो.

आरशात तो टेम्पो दिसतो. इतकेच नव्हे, तर त्याचे पुढचे चाक कोणत्या बाजूला झुकले आहे, चालक फोनवर बोलत आहे का, रिक्षातून कोणी हात बाहेर काढला आहे का, हेही दिसते. ठिपक्याला हे सांगता येत नाही. आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्याने आरसा उजव्या टोकाला बसवावा लागतो. तो त्या बाजूला नीट फिरतो का, हे मागवण्यापूर्वी पाहावे. काच बहिर्गोल असल्यामुळे मागचे वाहन आहे त्यापेक्षा लांब भासते आणि या गोष्टीची सवय व्हायला काही दिवस जातात. खराब रस्त्यावर आरसा थरथरतो आणि चित्र पुसट होते. सिग्नलला शेजारच्या दुचाकीचे हँडल त्याला हमखास लागते. सुदैवाने माझा आरसा मुडपतो, तुटत नाही.

या आरशाने माझी चालवण्याची पद्धतही बदलली. सायकलवाले मध्येच घुसतात, अशी मोटारचालकांची तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नाही. बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गिकांच्या योजनेच्या) काळात बांधलेल्या सायकल ट्रॅकचे आता तुकडेच उरले आहेत आणि त्यांवरही दुचाक्या लावलेल्या असतात. साहजिकच सायकलस्वार मुख्य रस्त्यावर येतो आणि उभ्या गाड्यांना वळसा घालण्यासाठी दर शे-दोनशे मीटरवर त्याला उजवीकडे सरकावे लागते. आता मी बराच आधी आरशात पाहतो, फट दिसली की मान वळवून मागच्या चालकाकडे उघडपणे बघतो आणि मग हात दाखवतो. यातली मान वळवणे ही पायरी गाळता येत नाही, कारण आपण आरशात पाहिले हे मागच्याला समजत नाही, वळलेली मान मात्र त्याला दिसते. बहुतेक चालक वेग कमी करतात. काही हॉर्न वाजवतात. पण आपल्याकडे हॉर्नचा अर्थ पुष्कळदा ‘मी आलोय’ एवढाच असतो, त्यामुळे तो ऐकून दचकण्याचे कारण नाही.

जर्मनीत 2020 पासून सायकलला ओलांडताना मोटारीने शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर राखावे, असा कायदा आहे. रडार टेललाइट असे अंतर राखले जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यांसाठी घडलेली वाटते. उभ्या मोटारीचे अचानक उघडणारे दार आणि राँग साइडने समोरून येणारी दुचाकी या आपल्या रोजच्या दोन धोक्यांवर रडार आणि आरसा दोन्ही निरुपयोगी आहेत. त्यासाठी उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीइतके अंतर ठेवणे आणि नजर समोर ठेवणे, एवढेच हातात उरते.

पावसाळ्याबद्दल थोडे. मागे मडगार्ड नसेल तर चिखलाने दिव्याची काच अर्ध्या तासात माखते आणि लांब रेनकोटची कड दिव्यावर येते. माझ्या दिव्याच्या चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण ऑगस्टमध्ये सैल झाले. नुसते झाकण मिळत नाही, असे विक्रेत्याने सांगितल्यावर मी त्यावर चिकटपट्टी लावून काम भागवले. या किमतीच्या वस्तूकडून ही अपेक्षा नव्हती.

आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर किंवा घाटात जाणाऱ्याने रडार अवश्य घ्यावे. ज्याची सायकल घर ते कार्यालय एवढीच फिरते, त्याने चांगला साधा लाल दिवा आणि आरसा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत मडगार्ड बसवावे. आरशाचा ॲलन स्क्रू मात्र महिन्यातून एकदा आवळावा, खड्ड्यांमुळे तो सैल होतोच.