लांब कीलची संथ बोट की हलकी वेगवान बोट?

दोन्ही फायबरच्याच, लांबीही सारखी. पण पाण्यात वागणं अगदी वेगळं. लांब कीलची (तळाशी पुढून मागे जाणारा खोल कणा असलेली) बोट पाणी कापत जाते, म्हणून तिचा वेग पाण्यात बुडालेल्या लांबीवर ठरतो: 20 फुटांना साधारण 6 नॉट (ताशी सुमारे 11 किमी). त्यापुढे इंजिन रेटलं तर नुसतं डिझेल जळतं. हलकी बोट पाण्यावर उचलली जाऊन पळते, पण पेट्रोल भरपूर पिते आणि हळू चालवताना वाऱ्याने भरकटते. निवांत फिरायला मी कीलवालीच घेईन.

धक्क्याला लावताना मात्र हलकी सरस. आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) वळवला की रिव्हर्समध्येही ती हवी तिकडे जाते. कीलवाली रिव्हर्समध्ये सुकाणूला फारशी दाद देत नाही. बोट ढकलणारा पाण्यातला पंखा उजव्या फिरकीचा (पुढे जाताना मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा) असेल तर मागची बाजू डावीकडे सरकते. हीच खोड कामाला लावायची: डावी बाजू धक्क्याकडे ठेवून तिरकं यायचं, शेवटी थोडा रिव्हर्स द्यायचा, मागची बाजू आपसूक आत येते. हे जमलं की फार समाधान वाटतं!

जुनी घेताना हलकीच्या मागच्या फळीवर, जिथे आउटबोर्ड बसतो तिथे, ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. कीलवालीत पाण्याखालच्या फायबरवरचे फोड आणि शाफ्टजवळची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याजवळची) गळती तपासा.