बजी आणावा की कॉकाटील?

भाचीला वन बीएचकेत पक्षी पाळायचाय आणि ती बजी आणि कॉकाटील या दोन छोट्या पोपटांत अडकली आहे. आपला हिरवा राघू पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तो प्रश्नच नाही. हे दोघे मूळचे ऑस्ट्रेलियाचे.

खर्चात बजी हलका. (बाजारात त्यालाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, पण खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला.) कॉकाटील महाग, आणि शेपटी लांब असल्यानं त्याला पिंजराही मोठा लागतो. राळं-बाजरी दोघांनाही चालते. मात्र नुसत्या दाण्यांवर ठेवू नका, रोज पालेभाजी द्या.

आवाज? बजी दिवसभर बारीक किलबिलतो. कॉकाटील एरवी शांत, पण एकटा पडला की अशी शिट्टी घालतो की शेजारी दार वाजवतील.

खरा फरक पिसांच्या भुकटीचा. कॉकाटीलच्या अंगावरून पांढरी पूड सतत झडते. घरात कुणाला दमा असेल तर मी त्याचं नावही काढणार नाही. शिवाय तो नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, बजी साधारण पाच ते दहा.

नॉनस्टिक तवा कोरडा तापला तर त्याच्या वाफेनं दोघंही दगावतात, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून लांबच हवा.

दिवसभर ऑफिस आणि जागा कमी असेल, तर बजींची जोडी आणा. घरी आजी-आजोबा असतील, खांद्यावर बसणारा सोबती हवा असेल, तर कॉकाटील.