सीलबंद टब कापून बेअरिंग बदललं : दिवाळी उलटून गेल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. वॉशिंग मशीन चालू आहे, आवाज नाही, गळती नाही. मधे एकदा होती, ते पुढे येईलच.

मशीन फ्रंट लोड, सात किलोचं, वय आठ वर्षं. फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही. उन्हाळ्यात स्पिनला घरघर सुरू झाली. मिनिटाला 400 फेऱ्यांपर्यंत ठीक, 800 च्या वर गेलं की गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. खालच्या मजल्यावरच्या आजींनी वर येऊन विचारलं, "काय दळताय रोज?" दार उघडून ड्रमची वरची कड उचलली की ड्रम खाली-वर हलायचा, रिकामा फिरवला की खरखरायचा, आणि मशीनच्या पाठीमागे तपकिरी ओघळ आला होता. म्हणजे ऑइल सील (ड्रमच्या दांड्याभोवतीची पाणी अडवणारी रबरी रिंग) संपलं, पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, गंज धरला. हे कळायला इंजिनियर लागत नाही.

कंपनीचा मुलगा आला, व्हिजिट चार्ज घेतला आणि म्हणाला, "सर, यात बेअरिंग वेगळं येत नाही. पूर्ण टब असेंब्ली बदलावी लागेल." म्हणजे ड्रमभोवतीची प्लास्टिकची टाकी, ड्रम-बेअरिंगसकट. साडेअकरा हजार, मजुरी वेगळी. कारण विचारलं तर म्हणे पाणी जड आहे. अरे बाबा, आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं, ते मऊ आहे. मे महिन्यात चार टँकर आले म्हणून काही आठ वर्षांचं सील जात नाही. मशीनच्या दर्शनी भागावर स्टिकर मात्र अजून झळकतंय: मोटरवर 10 वर्षं वॉरंटी. मोटर ठणठणीत आहे हो! जे सहसा जात नाही त्यावर 10 वर्षं, आणि जे हमखास झिजतं ते प्लास्टिकच्या टबात कायमचं बंद.

माझं डोकं तिथेच फिरलं आणि अजून जागेवर आलेलं नाही. टबचे दोन अर्धे असतात. पूर्वी ते स्क्रूंनी जोडलेले असायचे, मधे एक रबराची रिंग. बऱ्याच मशीनमध्ये अजूनही असतात. आमच्या मशीनमध्ये ते वितळवून एकमेकांना चिकटवलेत. वीस-बावीस स्क्रू आणि एक रबर! एवढ्यासाठी गिऱ्हाइकाला साडेअकरा हजारांचा खड्डा. युरोपात 1 मार्च 2021 पासून नियम आहे की ड्रम, स्पायडर (ड्रमला मागून धरणारा सांगाडा) आणि बेअरिंग हे भाग मॉडेल बाजारात यायचं थांबल्यावरही किमान 10 वर्षं मिळाले पाहिजेत. पण त्यातही 'सुटे किंवा एकत्र' अशी सोय ठेवलीच आहे, म्हणजे बेअरिंग हवं तर ड्रम घ्या, तिथेही चालतं. आपल्याकडे 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती झाली, डिसेंबरात पोर्टल निघालं. सुटा भाग विकलाच पाहिजे असा खास कायदा मात्र अजून नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण रोजचे कपडे कोण धुणार?

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडून एक मेकॅनिक मिळाला. तो म्हणाला, "काका, बेअरिंग तुम्हीच आणा, मग माझ्यावर शंका नको." माणूस तिथेच आवडला. त्याने नंबर लिहून दिले, 6205 आणि 6206. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे 25 आणि 30. नाना पेठेतून एसकेएफ कंपनीची जोडी आणली. तिच्या नकली डब्या बाजारात फिरतात, त्यामुळे पक्कं बिल घेतलं. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलंच बेअरिंग घ्या, नुसत्या पत्र्याचं नको. सील मात्र मॉडेलप्रमाणेच लागतं, ते त्याने आणलं.

काम गच्चीवर केलं. काँक्रीटचं वजन, स्प्रिंगा, शॉकअप, हीटरच्या वायरी काढून टब बाहेर घेतला. जोडाच्या कडेला त्याने आधी ड्रिलने गोल भोकं पाडली आणि मग जोडावरून हॅक्सॉ चालवली. भोकं आधी पाडायची कारण नंतर दोन्ही अर्धे तसेच्या तसे जुळतात. मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग गंजून आत अडकली होती, ती छिन्नीने ठोकून काढण्यात दुपार गेली.

खरी गंमत पुढे आहे. बेअरिंग बदलणारे पुष्कळ आहेत, पण शाफ्टवर, म्हणजे ड्रमच्या दांड्यावर, जिथे सील घासतं तो बुश कोणी बघत नाही. आमच्या बुशवर सीलच्या ओठाने बारीक खाच पाडली होती. दिसायला नुसती रेघ, पण नख फिरवलं की अडकायचं. नवीन सील त्याच खाचेवर बसवलं असतं तर काही महिन्यांत पुन्हा पाणी. पठ्ठ्याने सील दीड-दोन मिलिमीटर बाहेर बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल. ओठाच्या आत वॉटरप्रूफ ग्रीस भरलं. स्पायडर ॲल्युमिनियमचा, त्यावर पांढरी भुकटी साचली होती. साबणातला क्षार ॲल्युमिनियम खातो आणि ड्रमच्या मागे साबण साचून राहतो. खरवडून बघितलं, तडा नव्हता. असता तर सगळा खर्च पाण्यात गेला असता. म्हणून टब कापला की आधी स्पायडर तपासायला सांगा. मग सिलिकॉन लावून, नटबोल्टांनी टब बंद केला. सगळे मिळून 4,200 रुपये.

पहिले काही आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की कंपनीकडे जाऊच नका. मग श्रावणात एक दिवस मशीनखाली पाणी. सौ. म्हणाली, "घ्या, वाचवा पैसे." माझाही सूर उतरला, त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर वेगळाच लिहिला असता. पण पाणी सीलमधून येत नव्हतं, मागचा भाग कोरडा होता. टबच्या जोडाला तळाशी सिलिकॉन कमी पडलं होतं. मेकॅनिक आला, पुन्हा उघडून भरलं आणि दिवसभर सुकू दिलं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. पहिल्या वेळी त्याने संध्याकाळीच मशीन चालू करून दाखवलं होतं, तेवढी घाई नडली. तुम्ही करून घेतलंत तर सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत पाणी भरू देऊ नका, मेकॅनिक कितीही म्हणाला तरी.

त्यानंतर जमीन कोरडी आहे. 1200 चं स्पिन बंद केलंय, 800 वर चालवतो. कपडे थोडे ओलसर निघतात, पुण्यात वाळतात. आजी आता आवाजाबद्दल काही बोलत नाहीत, पाण्याच्या टाकीबद्दल बोलतात.

हे कायमचं आहे असं मी म्हणत नाही. खाच पडलेला बुश तोच आहे, दोन-चार वर्षांत सील पुन्हा जाईल. तेव्हा शाफ्टसकट स्पायडर बदलायचा, आमच्या मॉडेलचा तो सुटा मिळतो हे विचारून ठेवलंय. आणि आता टबला नटबोल्ट आहेत, त्यामुळे हॅक्सॉ काढावी लागणार नाही, पाना पुरेल. जे कंपनीने कारखान्यात करायचं ते आमच्या गच्चीवर झालं, एवढंच.