लेहची पत्र्याची बुखारी: घेण्याआधी काय बघाल

बुखारी, म्हणजे खोली ऊबदार करणारी धुराड्याची शेगडी, घ्यायची तर रंग नि नक्षी नंतर बघा, आधी पत्रा किती गेजचा ते विचारा. आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. 22 गेज म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर: हलका, स्वस्त, झटकन तापणारा, पण तळाला तितक्याच झटकन भोकं पडणारा. 18 गेजची बुखारी उचलायला दोघं लागतील, तरी तीच घ्या. आत तळाशी दोन बोटं वाळू किंवा राख कायम असू द्या. रोज तळ लख्ख झाडणाऱ्यांच्या बुखाऱ्या आधी फुटतात. पहिल्यांदा पेटवायची ती गच्चीवर, म्हणजे रंगाचा जळका वास घरात भरत नाही.

लाकडाची घ्यावी की रॉकेलची? 1 लिटर रॉकेलमध्ये साधारण सव्वादोन किलो सुक्या लाकडाइतकी उष्णता असते, शिवाय सारखं सरपण सारावं लागत नाही. टाकीतून नळीने थेंबथेंब रॉकेल आतल्या भांड्यात पडतं, जाळ तोटीने कमी-जास्त होतो. पण ज्योत मध्येच विझली तरी थेंब पडतच राहतात. तापलेल्या भांड्यात साचलेल्या रॉकेलची वाफ होते आणि अशा वेळी काडी लावली की भडका तोंडावर येतो. तोटी बंद करा, भांडं पूर्ण गार होऊ द्या, फडक्याने टिपून घ्या, मगच पेटवा. एवढा धीर नसेल तर लाकडाचीच बुखारी बरी. तिच्यात सफेदा (म्हणजे पॉप्लर), विलो, गोवऱ्या सगळं चालतं. गोवरी मंद जळते आणि राख फार करते, म्हणून राखेचं दार मोठं असलेलं बघा.

धुराड्यावर मात्र कंजुषी नको, कारण निम्मी दुखणी तिथलीच. वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत बसलं पाहिजे. उलटं जोडलं तर ओल्या लाकडाचं काळं चिकट डांबर सांध्यांतून भिंतीवर ओघळतं. लडाखी छत म्हणजे सफेद्याच्या तुळया, त्यावर विलोच्या काड्या, गवत आणि माती, शिवाय वर हिवाळ्याचा चारा रचलेला. त्यातून उघडी नळी नेणं म्हणजे आग बोलावणं. म्हणून बरेच जण खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा बसवतात आणि त्यातून नळी बाहेर काढतात. आडवी नळी जितकी कमी तितकं बरं, आणि बाहेर पडल्यावर ती छताच्या वर चढवा. काजळी कोपराच्या वळणावर साचते, म्हणून कोपर सुटा होणारा घ्या आणि दर दोन-तीन आठवड्यांनी झटका. बुखारी धूर मागे फेकू लागली की दोष बहुधा तिथेच असतो.

लेह साधारण 3500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 65 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे जाळाला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वाढतो. त्याला वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं सहज विरळ हवेच्या खाती जातात. खिडकीला फट ठेवा, गजर देणारं यंत्र लावा आणि झोपण्याआधी बुखारी विझवा. ‘मंद ठेवून झोपू’ हा सगळ्यात वाईट बेत.

आता उणीव. पातळ पत्रा उष्णता साठवत नाही. जाळ गेला की अर्ध्या तासात खोली गार. पूर्वी लडाखी कुटुंब स्वयंपाकघरात, चुलीभोवतीच हिवाळा काढत असे. आता दक्षिणेला काचेची खोली, म्हणजे शेलखांग, बांधतात आणि दिवसाचं ऊबेचं काम उन्हावर सोडतात. अशा घरात बुखारी संध्याकाळचे तीन-चार तास पुरते. काच उत्तरेला असेल तर कितीही मोठी बुखारी आणा, सरपण फुकट जाईल.

सपाट माथ्याची निवडा. त्यावर पाण्याची किटली कायम राहते आणि नळ गोठलेल्या दिवसांत बर्फही वितळवता येतो. पाणी तिथे 88 अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजवायच्या नादी लागू नका. तिला कुकरच हवा.