वखारीतली खोली: आठ महिन्यांनंतर

एका जुन्या वखारीत खोल्या पाडून एकत्र राहायचं घर केलंय. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीकडे माझं लक्षच नव्हतं. ओतीव लोखंडाचे खांब, डोक्यावर माझ्या मांडीपेक्षा जाड लाकडी तुळया, दीड-पावणेदोन फुटांच्या विटांच्या भिंती आणि बाहेर, पार वरच्या मजल्याशी, माल चढवायची कप्पी अजून तशीच लटकलेली. बघताक्षणी भुललो आणि सही करून मोकळा झालो. आता आठ महिने होऊन गेलेत. तुम्हीही भुलणारच, तर त्याआधी हे वाचा.

जुन्या बांधकामाने मला एकदाही त्रास दिला नाही. ‘इतकी जुनी इमारत, पडणार नाही ना?’ असं सगळे विचारतात. घराची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरून बांधतात, गोदामाची ५०० किंवा त्याहूनही जास्त. पोत्यांचे ढीग पेललेल्या तुळयांना आमच्या खाटा-कपाटांचं काय ओझं? त्रास झाला तो वखारीचं घर करताना आत जे नव्याने घुसवलं, त्याचा.

माझी खिडकी घ्या. माणसापेक्षा उंच, कमानीची, देखणी. पण ती अर्धीच माझी. खोल्या जास्त बसवायच्या म्हणून पार्टिशन थेट खिडकीच्या मधोमध आणून टेकवलंय, पलीकडची अर्धी शेजाऱ्याची. काच आणि पार्टिशन यांच्यातली फट फोमने बुजवलेली. त्या फटीतून शेजाऱ्याचा गजर रोज सकाळी माझ्याकडे येतो. तो तीनदा बंद करून झोपतो, मी पहिल्यालाच उठून बसतो.

तरी माझ्याकडे अर्धी का होईना, खिडकी आहे. बाहेरचा उजेड आत किती पोचतो याचा ढोबळ हिशोब असा: खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट-अडीचपट खोलवर. म्हणजे ३ मीटर उंचीला ६-७ मीटर. वखार त्याहून कितीतरी खोल, कारण पोत्यांना उजेड लागत नाही. म्हणून कडेला खोल्या आणि मध्ये स्वयंपाकघर, न्हाणीघरं, बसायची जागा. तिथे भर दुपारी दिवे लावावे लागतात. स्वयंपाकघराचा पंखा हवा लांबलचक आडव्या नळीतून बाहेर ढकलतो, म्हणजे ढकलत नाही. कुणाची फोडणी करपली हे वरच्या मजल्यालाही कळतं.

आवाजाचं गणित मला फार उशिरा समजलं. जाड भिंतींमुळे रस्ता अजिबात ऐकू येत नाही. पहिल्या रात्री वाटलं, काय शांतता आहे! पण रस्त्याची ती घरघर बाकीचे आवाज झाकत असते. ती गेली की शेजाऱ्याची कुजबुजसुद्धा ऐकू येते. त्यात तुळया दिसल्या पाहिजेत म्हणून त्यांच्याखाली वेगळं छत घातलेलं नाही. वरच्या मजल्याच्या फळ्या थेट कड्यांवर, म्हणजे खालच्या आडव्या लाकडांवर ठोकलेल्या, मध्ये रबर नाही की काही नाही. वरची मुलगी टाच टेकवून चालते. तिने गालिचा टाकल्यावर पावलं बरीच दबली, बोलणं मात्र जसंच्या तसं येतं. बोलणं अडवायला वजनदार थर लागतो, तो कुणी टाकत नाही. फोटोत तुळया छान येतात, एवढं खरं.

ओल हा वेगळाच किस्सा. मूळ भिंत चुन्यात बांधलेली, ती ओल घेते आणि वाळते. माझ्या कोपऱ्यात कुणीतरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. पावसाळ्यात आत अडकलेल्या पाण्याबरोबर भिंतीतला क्षार लोणा होऊन बाहेर आला. व्यवस्थापनाने प्लास्टिक पेंट मारला, त्याला फुगे आले. पुन्हा मारला, पुन्हा आले. शेवटी एका गवंड्याने गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवल्या आणि भिंत आपोआप कोरडी होत गेली. दोन्ही रंगांचे पैसे आमच्या देखभाल वर्गणीतून गेले. राग त्याचा आहे.

उन्हाळा मात्र सुखाचा गेला. दिवसाचं ऊन जाड विटांतून आत पोचेपर्यंत रात्र होते, तेव्हा खिडक्या उघडता येतात. छपराखालच्या मजल्यावर हे सुख नाही, तिथे तापतं.

आग लागली तर काय, हेही विचारून घ्या. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत हळूहळू जळतं, मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे तुळयांची मला तेवढी भीती नाही. उघडं लोखंड तापलं की कमजोर होतं, म्हणून खांबांना कसला संरक्षक लेप आहे ते विचारा. आणि दुसरा जिना स्वतः उतरून बघा. आमचा आहे, पण दाराशी सायकली लावलेल्या असतात. त्यात एक माझीही होती, काढली.

बाकी एकत्र राहणं जमतं. १४ जणांत दोन सिंक, भांडणं त्यावरूनच. मधलं मोठं टेबल मात्र सोन्यासारखं आहे, रात्री तिथे कुणी ना कुणी असतंच.

पुढच्या महिन्यात करार संपतोय. मधल्या मजल्यावरची कोपऱ्यातली, अख्ख्या खिडकीची खोली रिकामी होतेय. नाव नोंदवलंय. या वेळी खांब बघितले नाहीत, आधी पार्टिशनवर टकटक करून आलो.