मॉडेलिंग की फोटोग्राफी? दोन्हीकडे राहून आलोय म्हणून सांगतो

मागच्या महिन्यात मामेभावाचा रात्री अकराला फोन आला, दादा एकदाच काय ते सांग, मॉडेलिंगला जाऊ की कॅमेरा घेऊ, पप्पा म्हणतायत एकाच गोष्टीला पैसे देईन. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, उंची सहा फूट, चेहरा चांगला, फोटोही बरे काढतो, म्हणजे दोन्हीकडचं दार किलकिलं आहेच. मी तेव्हा त्याला धड उत्तर दिलं नाही. २०१४ ते २०१६ अशी सव्वादोन वर्षं मी मॉडेलिंगच्या मागे होतो आणि तेव्हापासून आजपर्यंत फोटोग्राफीवर घर चालवतोय, तरीपण हा प्रश्न आला की पटकन बोलवत नाही.

म्हणून आता नीट बसून लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी. उंची किती लागते, कॅमेरा कुठला घ्यायचा हे सगळीकडे मिळतं, ते सोडतो. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, ज्या दिवशी हातात काम नाही त्या दिवशी सकाळी उठून तुम्ही काय करणार, आणि ते करायची उमेद कुठून आणणार. कारण दोन्ही धंद्यांत सुरुवातीची तीन-चार वर्षं असेच दिवस जास्त असतात.

आधी मॉडेलिंगचं चांगलं सांगतो, ते खरंच चांगलं आहे. माझी पहिली जाहिरात रंगाच्या कंपनीची होती, नव्याने रंगवलेल्या भिंतीकडे बघून हसायचं एवढंच काम. पण मेकअप दादांनी कपाळावरचा घाम टिपला, लाइट चेहऱ्यावर आला आणि 'सायलेन्स' म्हटल्यावर पन्नास माणसं एकदम गप्प झाली, तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. आपण कुणीतरी आहोत असं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. त्या एका दिवसाचे पैसे माझ्या कॉल सेंटरच्या पगाराच्या दीडपट होते, हातात तीन महिन्यांनी आले आणि त्यातले २५ टक्के कोऑर्डिनेटरला, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मधल्या माणसाला गेले ही गोष्ट वेगळी, पण आले. शिवाय भांडवल लागत नाही. चार शर्ट, एक बरे बूट आणि अंगाची काळजी, बास. अनोळखी माणसांच्या खोलीत शिरून मान ताठ ठेवून बोलायचं कसं, हेही मला तिथेच जमायला लागलं, आज क्लायंटसमोर तेच कामाला येतं.

रोजचं म्हणाल तर डोंबिवलीहून लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, वर्सोवा, तिथून रिक्षा करून आराम नगर, जिथे ऑडिशन चालतात. ज्यांनी केलंय त्यांना हे सांगायला नको. बॅगेत इस्त्रीचा फॉर्मल शर्ट, एक प्लेन टीशर्ट, पाण्याची बाटली. दारातच एक पोरगा वर-खाली बघून 'नॉट फिट' म्हणतो किंवा यादीत नाव लिहायला सांगतो. मग दीड-दोन तास बाहेर, आणि आत गेल्यावर नाव, वय, उंची, लेफ्ट प्रोफाइल, राइट प्रोफाइल, हात दाखवा, एक छोटा सीन, थँक यू. दोन-तीन मिनिटं. नकाराचं मला कधी फार वाईट वाटलं नाही, दहा ठिकाणी गेलं की नऊ ठिकाणी नाहीच म्हणणार, हे पहिल्या महिन्यात अंगवळणी पडतं.

मला जे सहन झालं नाही ते म्हणजे 'डेट ब्लॉक ठेव', म्हणजे काम पक्कं नसतानाही त्या तारखा आमच्यासाठी मोकळ्या ठेव.

२०१६ च्या फेब्रुवारीत माझ्या मोठ्या भावाचं लग्न होतं, साताऱ्याला, १८ ला हळद, १९ ला लग्न. महिनाभर आधी एका कोऑर्डिनेटरचा फोन आला की मोटरसायकलच्या जाहिरातीत शॉर्टलिस्ट झालायस, १८-१९-२० ब्लॉक ठेव आणि दाढी-केसांना हात लावू नको, डायरेक्टरला हाच लुक पाहिजे. तारखा ऐकून पोटात गोळा आला. आईला सांगितलं तर ती काही बोलली नाही, आत जाऊन डाळ निवडत बसली. दादाच म्हणाला, अरे मोठं काम आहे, कर तू, रिसेप्शनला ये. घरचे सगळे १६ ला साताऱ्याला गेले आणि मी डोंबिवलीच्या घरात एकटा, रोज आरशात दाढी बघत. १७ ला संध्याकाळपर्यंत कॉल टाइम, म्हणजे सेटवर किती वाजता पोचायचं ते, आलं नाही म्हणून फोन केले, उचलला नाही. मेसेज टाकला, दोन टिक आल्या, उत्तर नाही. १८ ला सकाळी अकराच्या सुमारास एक ओळ आली, 'ते रिलीज झालं रे, १४ लाच'.

रिलीज म्हणजे माझ्या ब्लॉक केलेल्या तारखा सोडून दिल्या, मी नको. म्हणजे चार दिवस आधी सगळं ठरलं होतं, आणि मला कळवावं असं कुणाला वाटलं नव्हतं. मी मिळेल ती एसटी पकडून रात्री दहाला पोचलो तर हळद आटोपली होती, मांडवात फक्त पिवळे डाग पडलेली सतरंजी होती. पुढे ती जाहिरात टीव्हीवर आली, त्यातला मुलगा गुळगुळीत दाढी केलेला होता. दादाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी आहे तो महिनाभराच्या दाढीचा, कुणीतरी सांगितलं म्हणून वाढवलेल्या.

मी त्या कोऑर्डिनेटरवर फार दिवस चिडून राहिलो नाही, तोही दिवसाला पन्नास पोरं सांभाळत असणार. पण माझं नेमकं काय कमी पडलं हे मला आजही माहीत नाही. नाक, उंची, आवाज, की फक्त दुसऱ्याचा रेट कमी होता? आणि तेच माहीत नाही तर दुसऱ्या दिवशी उठून मी सुधारू काय? जिमला गेलो, डाएट केलं, पण काय केल्याने काम मिळालं आणि काय केल्याने गेलं याचा पत्ताच लागत नसेल तर उमेद टिकत नाही, निदान माझी टिकली नाही.

आता गंमत अशी की कॅमेऱ्याची गोष्ट त्याच लग्नात सुरू झाली. फोटोग्राफरचा असिस्टंट १९ ला सकाळी आलाच नाही आणि मी रिकामा उभा होतो, त्यांनी माझ्या हातात लाइट दिला आणि म्हणाले धर जरा. समोर आमची काकू, सत्तरीची, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. ते म्हणाले, डावीकडे ये, अजून वर, थोडा तिरका कर. मग कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दोन्ही फोटो दाखवले. पहिल्यात काकूचा चेहरा नुसता सपाट पांढरा होता. दुसऱ्यात नाकाच्या एका बाजूला सावली पडली होती, नथीतला मोती चमकत होता आणि काकू एकदम काकूसारखी दिसत होती. माझा हात दीड फूट सरकला म्हणून हे झालं हे मला तिथल्या तिथे दिसलं. दोन वर्षांत इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात फोर्टला बोरा बाजारात जाऊन एक सेकंडहँड बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणि ५० एमएम १.८ लेन्स घेतली, दोन्ही मिळून २२ हजार. आणि काम नसलं की पहाटेची लोकल पकडून दादरच्या फूल मार्केटला जायला लागलो. पहिल्या दिवशी तीनेकशे फोटो काढले, घरी येऊन बघितले तर जवळपास सगळे हललेले, कारण पिवळ्या बल्बच्या उजेडात शटर ३० वर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवून मी हार ओवणाऱ्या बाईंच्या बोटांचे फोटो काढत होतो, आणि ती बोटं कसली चपळ. पुढच्या वेळी १२५ वर, म्हणजे जास्त वेगावर गेलो, उजेडासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवला, बोटं पकडली पण चेहरा अंधारात गेला. त्याच्या पुढच्या वेळी त्यांच्या बल्बच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो. चौथ्या-पाचव्या खेपेला एक फोटो मिळाला, झेंडूवरचं पाणी, सुई आणि त्यांची खाली झुकलेली नजर, तो मी प्रिंट करून नेऊन दिला तर त्यांनी हात पदराला पुसून मग घेतला. एक रुपया मिळाला नाही यातून. पण पुढच्या मंगळवारी गजर व्हायच्या आधी मला जाग आली होती.

फोटोग्राफीत सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. सीझनला लागून लग्नं असतात, चौदा-चौदा तास उभं राहून पाठ जाते, जेवायला बसलं की नेमके 'फोटोवाले कुठे गेले' म्हणून हाक येते. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, माझी एक चांगली लेन्स तशी गेली तेव्हा ड्राय बॉक्स, म्हणजे लेन्स कोरडी ठेवायची पेटी घेतली. अल्बमचं सिलेक्शन लोक वर्षभर देत नाहीत आणि शेवटचा हप्ता त्यातच अडकतो. 'बटणच तर दाबायचंय' हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. खर्च तर थांबतच नाही, बॉडी, लाइट, हार्ड डिस्क, मॉडेलिंगमध्ये हा ताप नाही. आणि इथेही पोटासाठी दुसऱ्याच्या फोनची वाट बघावीच लागते. फरक एवढाच की वाट बघतानाही हात चालू राहतात.

फोटोग्राफर सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं ब्लॅक अँड व्हाइट काम बघा. तो विषय त्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवला, पुढे २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. गौतम राजाध्यक्ष आधी लिंटासमध्ये नोकरीला होते, जाहिरातीच्या कामात राहून हात बसत गेला आणि पूर्णवेळ फोटोग्राफी नंतर. म्हणजे नोकरी सांभाळूनही हे वाढवता येतं, डोंबिवली-कल्याणच्या पोरांना हा मुद्दा लहान वाटू नये. मॉडेलिंगमध्ये सकाळी दहाला मेसेज येतो की दुपारी दोनला ऑडिशन आहे, कुठला साहेब सोडणार?

तरी मॉडेलिंग ज्यांना झेपतं अशी माणसं मी जवळून बघितलीत. माझा त्या वेळचा जोडीदार अजून तेच करतो आणि मजेत आहे. तो मूळचा एकांकिका करणारा, काम असो नसो रोज सकाळी तासभर आवाजाचा रियाज आणि उतारे पाठ करणार. तो म्हणतो, ऑडिशन हेच माझं काम, तिथे मला दोन मिनिटं करायला मिळतं, शूट मिळालं तर वरची कमाई. नव्वदच्या दशकातले नावाजलेले मॉडेल बघा, मिलिंद सोमण पोहण्यातून आले, मधू सप्रे ॲथलेटिक्समधून. १९९२ ला बँकॉकच्या मिस युनिव्हर्सच्या स्टेजवर शेवटच्या प्रश्नालाही मधू सप्रेने उत्तर दिलं ते देशात खेळाची सोय करण्याचं, इतका खेळ अंगात होता. मला वाटतं अशा माणसांना उमेद बाहेरून आणावी लागत नाही, पूलमध्ये नाहीतर ट्रॅकवर घड्याळ बघून ती आधीच साठवलेली असते. तुमच्याकडे असं काही असेल, नाटक, नाच, खेळ, ज्यात तुमचं तुम्हाला कळतं की आज कालपेक्षा बरं झालं, तर मॉडेलिंगला जरूर जा, माझं ऐकून थांबू नका.

वयाचा मुद्दाही खरा आहे. कॅमेरा चाळिशीतही हातात घेता येतो, एकविसाव्या वर्षाचा चेहरा परत मिळत नाही. जाहिरातीत आई-बाबा, आजोबाही लागतात हे मान्य, पण कॉलेजच्या पोराचे रोल कॉलेजच्या वयातच. त्यामुळे वर्षभर करून बघायचं असेल तर मॉडेलिंग आधी, यात चूक काही नाही. फक्त एक कळकळीने सांगतो, 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करावा लागेल' किंवा 'रजिस्ट्रेशन फी भरा' असं म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. मी ३५ हजार दिलेत, बाबांच्या पीएफमधले. सुरुवातीला खिडकीच्या उजेडात, साध्या टीशर्टवर, मित्राने फोनवर काढलेले पाच-सहा स्वच्छ फोटो पुरतात.

मामेभावाला मी परत फोन केला आणि विचारलं, मागच्या रविवारी काय केलंस. म्हणाला, दोन कास्टिंगवाल्यांना मेसेज करून ठेवलेत, रिप्लायची वाट बघतोय, आणि दुपारी कंटाळा आला म्हणून आजीचे फोटो काढत बसलो. किती वेळ, विचारलं तर म्हणाला, अंधार पडेपर्यंत. मी म्हटलं ते फोटो पाठव. त्यातले दोन खरंच चांगले आहेत, एकात फोकस डोळ्याऐवजी कानावर गेलाय, ते त्याला स्वतःलाच कळलं होतं आणि परत कसा काढणार हेही त्यानेच सांगितलं. मी त्याला काही ठरवून दिलेलं नाही. बोरा बाजारातून घेतलेली ती ५० एमएम माझ्याकडे कपाटात पडून आहे, सध्याच्या बॉडीला बसत नाही, पण जुनी बॉडीही अजून चालू आहे. शनिवारी येऊन दोन्ही घेऊन जा म्हटलंय, आणि रात्री इथेच राहा, रविवारी पहाटे दादरला जाऊ.