ब्रिटिश म्युझियम, रूम 52: कोरेश राजाचं सिलिंडर बघून आलो

लंडनला मुलीकडे गेलेलो तेव्हा एक अख्खी शुक्रवारची संध्याकाळ ह्यासाठी राखून ठेवली. सिलिंडर म्हटल्यावर बायको म्हणाली, गॅसचा का? तर नाही, हे मातीचं, वर मजकूर कोरलेलं, पारस देशाच्या म्हणजे आत्ताच्या इराणच्या कोरेश (इंग्रजीत सायरस) राजाचं, 1879 मध्ये बाबेलच्या म्हणजे आत्ताच्या इराकमधल्या बॅबिलॉनच्या खोदकामात सापडलेलं. हेच 2013 च्या डिसेंबरात मुंबईत काळा घोड्याच्या म्युझियममध्ये आलेलं, तेव्हा नाताळच्या गडबडीत राहून गेलं आणि आता विमानाचं तिकीट काढून बघितलं, असो.

केवढुसं आहे ते! जेमतेम 22-23 सेंटीमीटर, मक्याच्या जाड कणसाएवढं, तेही फुटलेलं. खाली इजिप्तच्या प्रसिद्ध रोझेटा स्टोन शिलालेखापाशी जत्रा होती, वर निवांत. मी काचेपुढे उभा राहून मोबाइलवर मराठी बायबल उघडलं. त्यातल्या यशया पुस्तकाच्या 45 व्या अध्यायात देव कोरेशाला आपला अभिषिक्त म्हणतो, त्याचा उजवा हात धरतो, त्याला नावाने हाक मारतो, आणि ते सुद्धा कोरेश त्याला ओळखत नसताना. आता सिलिंडरवर काय कोरलंय, तर बाबेलच्या मार्दुक देवाने कोरेशाचा हात धरला आणि त्याला नावाने बोलावलं. अहो जवळजवळ तेच शब्द, फक्त देव वेगळा! अंगावर काटाच आला. राजा तोच, इ.स.पू. 539 चा बाबेलवरचा विजय तोच, बाबेलवाले म्हणतात आमच्या देवाने आणला आणि बाबेलवाल्यांनी कैद करून आणलेले यहुदी म्हणतात आमच्या.

लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेलं की यहुद्यांना घरी सोडायचा हुकूम ह्यावरच लिहिलाय. तसं नाहीये. यहुद्यांचं, यरुशलेमेचं नावच नाही, मूर्ती आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवली एवढंच आहे. बायबलमधल्या एज्रा पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाशी, जिथे कोरेश यहुद्यांना घरी जाऊन मंदिर बांधा म्हणतो, सूर जुळतो खरा, पण पुरावा म्हणून नाचवू नका.

नाचवलंय तसं भल्याभल्यांनी. 1971 मध्ये इराणच्या शहाने पारसच्या साम्राज्याच्या 2500 वर्षांच्या सोहळ्याचं चिन्हच हे केलं, आणि अमेरिकेतले काही चर्चवाले ट्रम्पना आजचा कोरेश म्हणतात. मला मात्र इराण-इस्रायलच्या बातम्या लागल्या की हेच आठवतं, की यरुशलेमेचं मंदिर परत बांधायला लावणारा राजा इराणकडचा, बायबलमधली यहुदी एस्तेर राणी झाली ती तिथल्याच शूशन शहरात, आणि त्याच एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्या ओळीत त्या राज्याची हद्द आपल्या हिंदुस्थानापासून सुरू होते.

एंट्री फुकट, शुक्रवारी साडेआठपर्यंत उघडं. सिलिंडर अधूनमधून परदेशवारीला जातं म्हणून आधी वेबसाइट बघा. पाच स्टार, पण भाषांतर घरून वाचून जा, नाहीतर चिमणीच्या पायांसारख्या रेघोट्या बघून परत याल. त्याच खोलीत ऑक्सस खजिन्यातला (जुन्या पारसच्या काळातलं सोनं-चांदी) चार घोड्यांचा चिमुकला सोन्याचा रथ आहे, बायकोला सिलिंडरपेक्षा तोच आवडला.